पोटॅशियमचा दिंडी दरवाजा आणि गोळ्यांची पुरचुंडी

रक्ततपासणीचा कागद हाती आला की साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन हे आकडे आता घरोघरी वाचले जातात. त्याच कागदावर खाली कुठेतरी पोटॅशियमचा आकडा असतो. त्याकडे सहसा कुणी पाहत नाही. लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोल हा त्याचा नेहमीचा पट्टा. पट्टा अरुंद आहे, आणि आकडा त्याच्या बराच खाली किंवा वर गेला तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. असे का व्हावे, याचे उत्तर पेशीच्या आवरणात बसवलेल्या एका सूक्ष्म दरवाजात आहे. गेल्या सत्तर वर्षांत विज्ञानाने हा दरवाजा अणूअणूपर्यंत उलगडून दाखवला. इकडे आपल्या ओपीडीत, मेडिकलच्या दुकानात आणि घरातल्या औषधाच्या डब्यात हा दरवाजा अडवू शकणाऱ्या गोळ्या रोज दिल्या-घेतल्या जातात, आणि त्यांचा एकमेकींशी हिशेब फार कमी वेळा मांडला जातो. माहिती आहे, पण ती वापरात नाही, ही खरी अडचण आहे.

आधी दरवाजा समजून घेऊ.

आपल्या शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. पेशीत त्याचे प्रमाण लिटरमागे १४० मिलिमोलच्या आसपास, बाहेर रक्तात जेमतेम ४. सोडियमचे नेमके उलटे: बाहेर भरपूर, आत थोडे. ही विषमता आपोआप टिकत नाही. पेशीच्या आवरणातला एक पंप ऊर्जा खर्च करून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. हे काम आयुष्यभर चालू असते. धरणात पाणी साठवावे तसा हा साठा आहे. साठ्याचा उपयोग मात्र दरवाजे उघडले तरच. पेशीचे आवरण स्निग्ध पदार्थाचे, तेलकट. विद्युतभार असलेला आयन त्यातून पलीकडे जाऊ शकत नाही. त्याच्यासाठी प्रथिनांचे खास मार्ग असतात. पोटॅशियमसाठी असलेल्या मार्गाला पोटॅशियम चॅनेल म्हणतात. मज्जातंतूतला संदेश, स्नायूचे आकुंचन, हृदयाचा ठोका, इन्शुलिनचे स्रवणे या साऱ्यांत त्याचा हात आहे.

या चॅनेलने शास्त्रज्ञांना अनेक वर्षे कोड्यात टाकले होते. एका चॅनेलमधून सेकंदाला काही कोटी पोटॅशियम आयन जाऊ शकतात. पाणी मोकळे वाहावे तसा हा वेग. तरीही चॅनेल इतके चोखंदळ की सोडियमच्या तुलनेत पोटॅशियमला किमान हजारपट पसंती देते. गंमत अशी, की सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान आहे. मोठ्याला वाट आणि लहानाला मज्जाव, हे चाळणीच्या नियमात बसत नाही. शिवाय पारखून आत घ्यायचे तर वेळ लागतो. किल्ल्याच्या दरवाजावर प्रत्येकाची तपासणी सुरू केली की बाहेर रांग लागते. इथे तपासणीही कडक आहे आणि रांगही नाही. हे कसे?

उत्तराची सुरुवात समुद्रात झाली. माकूल, म्हणजे हॉटेलच्या मेनूतला स्क्विड. त्याच्या जाडजूड मज्जातंतूवर प्रयोग करून ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी १९५२ साली दाखवले, की मज्जासंदेश म्हणजे आधी सोडियमचे आत शिरणे आणि पाठोपाठ पोटॅशियमचे बाहेर पडणे. त्यासाठी त्यांना १९६३ चे नोबेल मिळाले. १९५५ मध्ये हॉजकिन आणि रिचर्ड केन्स यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: पोटॅशियमचे आयन एकामागोमाग एक, एका ओळीत जातात. वाड्याच्या मोठ्या दरवाजात माणूसभर उंचीचा दिंडी दरवाजा असतो, त्यातून एका वेळी एकानेच जायचे, तसे. पण त्या दिंडी दरवाजाचे रूप कुणी पाहिले नव्हते.

ते दाखवले रॉडरिक मॅकिनन यांनी. मॅकिनन मुळात वैद्यकीय पदवीधर, रुग्णालयात काम केलेले डॉक्टर. तिशीच्या सुमारास ते संशोधनाकडे वळले. विंचवाच्या विषातला एक घटक चॅनेलच्या तोंडावर बुचासारखा बसतो, याचा उपयोग करून त्यांनी आधी तोंड नेमके कुठे आहे हे हुडकले. मग क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना वाचण्याचे तंत्र शिकून घेतले आणि १९९८ साली मातीतल्या एका जिवाणूच्या पोटॅशियम चॅनेलची रचना जगापुढे ठेवली. २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना पीटर अ‍ॅग्रे यांच्यासोबत विभागून मिळाले.

रचना पाहिल्यावर कोडे सुटले. चार सारखे भाग गोलाकार उभे राहून मधे बोगदा तयार होतो. बोगद्याचा बाहेरच्या बाजूचा तुकडा अतिशय अरुंद आहे. हाच दिंडी दरवाजा. त्याच्या भिंतींतून ऑक्सिजनचे अणू आत डोकावतात. पोटॅशियमचा आयन एरवी एकटा नसतो. पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी वेढून असतात, आणि हा वेढा सोडायला ऊर्जा लागते. दरवाजापाशी आल्यावर भिंतीतले ऑक्सिजन अणू त्याच्याभोवती नेमके त्याच अंतरावर येतात, ज्या अंतरावर पाण्यातले ऑक्सिजन होते. पाण्याचा वेढा सुटला तरी आयनाचे काही बिघडत नाही, म्हणून तो सहज आत सरकतो. सोडियम लहान. त्याच्यासाठी हे ऑक्सिजन दूर पडतात. पाणी सोडायची किंमत त्याला मोजावी लागते आणि मोबदल्यात काही मिळत नाही, म्हणून तो बाहेरच राहतो. कासाराकडे मोठ्या मापाची बांगडी लहान हातात टिकत नाही, तसेच काहीसे.

मग वेग कुठून येतो? या अरुंद जागेत पोटॅशियमसाठी चार बैठका आहेत. एका वेळी साधारण दोन आयन बसतात, मधल्या बैठकांवर पाण्याचे रेणू. दोघांचाही भार धन, त्यामुळे ते एकमेकांना ढकलतात. मागून तिसरा आला की पुढचा बाहेर पडतो. थांबून तपासणी करावीच लागत नाही; दरवाजाचे मापच पहारेकऱ्याचे काम करते.

आता उघडणे आणि मिटणे. चॅनेल सदैव उघडे राहिले तर धरण रिकामे होईल. शेतात पाटाचे पाणी फिरवताना दारे धरणारा माणूस एका वाफ्याचे दार मोडतो आणि दुसऱ्याचे बांधतो. पेशीतही दार धरणारा असतो. अनेक चॅनेलमध्ये धनभार असलेला एक दांडा आवरणात बसवलेला असतो. पेशीच्या आतबाहेरचा विद्युतदाब मिलिव्होल्टमध्ये मोजण्याइतका लहान, पण आवरण इतके पातळ की त्यातले विद्युतक्षेत्र सेंटिमीटरमागे एक लाख व्होल्टहून अधिक भरते. दाब बदलला की हा दांडा सरकतो आणि आतल्या बाजूचे दार उघडते किंवा मिटते. काही चॅनेल कॅल्शियमने उघडतात, काही पेशीतल्या ऊर्जेच्या साठ्याने मिटतात. माणसात पोटॅशियम चॅनेलची जवळपास ८० जनुके आहेत. दिंडी दरवाजा बहुतेकांचा सारखाच, दार धरणारा निराळा.

या ज्ञानाने रुग्णाच्या हाती काय आले, याचे एक चांगले उदाहरण मधुमेहात आहे. स्वादुपिंडातल्या पेशीत साखरेपासून ऊर्जा तयार झाली की एक पोटॅशियम चॅनेल मिटते, पेशीचा दाब बदलतो आणि इन्शुलिन बाहेर पडते. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या आपल्याकडच्या स्वस्त गोळ्या हेच दार मिटवतात. काही बाळांना जन्मानंतर सहा महिन्यांच्या आतच मधुमेह होतो. त्यांतल्या बऱ्याच जणांत याच चॅनेलच्या जनुकात दोष असतो आणि दार मिटतच नाही, हे २००४ मध्ये लक्षात आले. अशा अनेक मुलांचे इन्शुलिनचे इंजेक्शन बंद होऊन त्यांना साध्या गोळ्यांवर ठेवता आले. बिघाड नेमका कुठे आहे हे कळल्याचा हा लाभ.

हृदयात हेच ज्ञान इशारा देते. प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशीत आधी सोडियम आणि मग कॅल्शियम शिरते. पेशी आकुंचन पावते. पुढच्या ठोक्यासाठी तिला पूर्वस्थितीला यावे लागते, आणि ते काम बाहेर पडणारे पोटॅशियम करते. यात मोठा वाटा ‘हर्ग’ नावाच्या चॅनेलचा. नावामागची हकिगत मजेची आहे. १९६० च्या दशकात काही फळमाश्यांना ईथरची गुंगी दिली की त्यांचे पाय थरथरत. त्या काळच्या गो-गो नाचावरून त्या जनुकाला ‘ईथर-अ-गो-गो’ म्हटले गेले. माणसातले त्याचे भावंड म्हणजे हर्ग. १९९५ मध्ये या जनुकातला दोष आणि तरुणपणी अचानक येणारे मृत्यू यांचा संबंध सिद्ध झाला. अशा कुटुंबातल्या व्यक्तीला मोठ्या आवाजाने, अगदी गजराच्या घड्याळानेही शुद्ध हरपण्याइतका ठोक्यांचा गोंधळ होऊ शकतो. अनेकदा त्याला फेफरे समजून वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या दिल्या जातात.

हर्गचे दार नीट उघडले नाही की पेशीला पूर्वस्थितीला यायला वेळ लागतो. ईसीजीच्या पट्टीवर ‘क्यूटी’ नावाचे अंतर असते, ते लांबते. नाडीच्या गतीनुसार दुरुस्त केलेले हे अंतर पुरुषांत साधारण ४५० आणि स्त्रियांत ४६० मिलिसेकंदांच्या आत असावे. ५०० च्या पुढे गेले की धोका ठळकपणे वाढतो. हृदय वेडेवाकडे फडफडू लागते, माणूस कोसळतो. कधी फडफड आपणहून थांबते आणि त्याला ‘चक्कर आली’ म्हणून सोडून दिले जाते. कधी ती थांबत नाही.

हर्गचा बोगदा आतल्या बाजूला ऐसपैस आहे आणि त्याच्या भिंतीवर औषधांचे रेणू चिकटतील अशा जागा आहेत. त्यामुळे एकमेकांशी काहीही नाते नसलेली कितीतरी औषधे त्यात जाऊन अडकतात. टर्फेनाडिन हे सर्दी-अ‍ॅलर्जीचे, झोप न आणणारे औषध १९८० च्या दशकात अमेरिकेत फार खपले. यकृत त्याचे लगेच दुसऱ्या रसायनात रूपांतर करते, म्हणून एरवी त्रास होत नसे. पण १९९० मध्ये एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली. ती याच गोळ्यांसोबत बुरशीविरोधी किटोकोनॅझोल घेत होती. किटोकोनॅझोलने यकृताचे ते काम अडवले, मूळ टर्फेनाडिन रक्तात साचले आणि तिच्या हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडले. पुढे टर्फेनाडिन, अ‍ॅस्टेमिझोल आणि पोटाच्या तक्रारींवरचे सिसाप्राइड ही तिन्ही औषधे बाजारातून गेली. भारतातही त्यांवर बंदी आली. आज आपण घेतो ते फेक्सोफेनाडिन म्हणजे टर्फेनाडिनपासून यकृतात तयार होणारे तेच दुसरे, निर्धोक रसायन. २००५ पासून नव्या औषधाचा क्यूटीवर काय परिणाम होतो हे तपासणे आंतरराष्ट्रीय नियमावलीत आले.

ही चाळणी नव्या औषधांसाठी. जुनी, उपयोगी, रोजच्या वापरातली अनेक औषधे कमीअधिक प्रमाणात क्यूटी लांबवतात आणि ती आपल्यासोबतच आहेत. अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके, उलटीवरची ऑनडॅन्सेट्रॉन आणि डॉम्पेरिडोन, बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल, नैराश्यावरचे एसिटॅलोप्राम, मानसिक आजारातले हॅलोपेरिडॉल, संधिवातातले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. यांतले एकेक औषध बहुतेकांना काहीही अपाय करत नाही, आणि कितीतरी जणांचा जीव वाचवते. ही यादी वाचून कुणी आपली गोळी बंद करू नये. धोका वाढतो तो बेरजेने.

बेरीज कशी होते पाहा. मे महिना. सत्तरीच्या बाई, हृदयाची ताकद कमी, पायावर सूज म्हणून लघवीची गोळी चालू. ती गोळी पोटॅशियम बाहेर टाकते. त्यात जुलाब-उलट्या, आणखी पोटॅशियम गेले. मुलाने मेडिकलमधून उलटीची गोळी आणि एक प्रतिजैविक आणले. गुडघ्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडून आणि झोप लागत नाही म्हणून तिसऱ्यांकडून औषध आधीच चालू. रक्तात पोटॅशियम कमी झाले तर ते पेशीतून बाहेर जोरात वाहावे असे साध्या हिशेबाने वाटेल. हर्गचे तसे नाही. बाहेरचे पोटॅशियम घटले की हर्गमधून वाहणारा प्रवाहही घटतो आणि औषधांची पकड घट्ट होते. म्हणजे दार आधीच अर्धे मिटलेले, त्यात दोन औषधे अडकलेली. स्त्री असणे, वय, कमकुवत हृदय, मंद नाडी आणि मॅग्नेशियमची कमतरता या प्रत्येकाने धोका वाढतो. अशा बाई पहाटे कोसळल्या तर घरचे म्हणतात, उन्हाळा बाधला.

सरकारी रुग्णालयात काम करणारा कुणीही यावर विचारेल, की दिवसाला शेकड्यांनी केसपेपर निघतात तिथे प्रत्येकाचा ईसीजी कसा काढायचा? प्रत्येकाचा काढायचाच नाही. तीन प्रश्न पुरतात. सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत? जुलाब, उलट्या, लघवीची गोळी, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे का? स्वतःला कधी अचानक शुद्ध हरपली आहे का, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेले आहे का? उत्तरांत दोन खुणा सापडल्या आणि क्यूटी लांबवणारे औषध द्यायचे असेल, तर आधी ईसीजी आणि पोटॅशियम. शक्य असेल तिथे त्याच गुणाचे पण हर्गला न अडवणारे दुसरे औषध निवडावे. ईसीजी यंत्राने छापलेल्या क्यूटीवर विसंबू नये; पट्टीवर स्वतः मोजावे.

हे आपल्याच यंत्रणेने करून दाखवले आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरचे बेडाक्विलिन २०१६ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमात आधी मोजक्या केंद्रांत आले आणि मग देशभर पोहोचले. तेही क्यूटी लांबवते, आणि सोबत दिले जाणारे क्लोफाझिमिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिनही. म्हणून उपचारापूर्वी ईसीजी व पोटॅशियमसह रक्ततपासण्या आणि उपचार चालू असताना ठरावीक दिवसांनी ईसीजी, असा नियम कार्यक्रमातच घातला गेला. जी शिस्त क्षयरोगाच्या खोलीत पाळता येते, ती शेजारच्या मेडिसिनच्या ओपीडीत अशक्य कशी? त्यासाठी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात चालू स्थितीतले ईसीजी यंत्र, त्याचा कागद, पट्टी वाचू शकणारी व्यक्ती आणि त्याच दिवशी मिळणारा पोटॅशियमचा अहवाल हवा. औषध देणाऱ्या खिडकीवरच्या संगणकाने अशी दोन औषधे एकत्र दिसताच इशारा द्यावा, हेही आज अवघड नाही. यांतली बहुतेक औषधे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा कायदा आहे. तो कागदावर राहतो, याची जबाबदारी औषध प्रशासन, दुकानदार आणि ‘मागच्या वेळची गोळी द्या’ म्हणणारे आपण, अशी तिघांचीही आहे.

वाचकांनी एवढे करावे. डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या औषधांची पुरचुंडी सोबत न्यावी. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, दुकानातून आणलेली, सगळी. उलट्या-जुलाबात ओआरएस सुरू करावे. त्यात पोटॅशियम असतेच. धडधड होऊन शुद्ध हरपली तर चक्कर म्हणून विषय संपवू नये, ईसीजी काढून घ्यावा. आणि पोटॅशियम स्वतःच्या मनाने वाढवू नये. मूत्रपिंड कमकुवत असलेल्याला रोजचे शहाळे किंवा ‘कमी सोडियमचे’ मीठसुद्धा घातक ठरू शकते. जादा पोटॅशियमही हृदय थांबवते.

एका प्रथिनाचे दार कसे उघडते हे कळायला जगातल्या प्रयोगशाळांना अर्धशतक लागले. ते ज्ञान वापरायला आपल्याला एक ईसीजी, एक रक्ततपासणी आणि पुरचुंडी सोडून पाहायची पाच मिनिटे लागतात. एवढी पाच मिनिटे प्रत्येक केसपेपरमागे मिळावीत, अशी मागणी रुग्णांनी आमच्याकडे केली पाहिजे आणि आम्ही ती सरकारकडे.